शिवलेला धडा

हेडमास्तरांनीच धडा शिवायला लावला, हे मी सांगून सांगून थकले. कोणी मानलं नाही. चौथी शिकलेल्या चपराशिणीचं कोण ऐकतं? बेल्याच्या शाळेत घंटा वाजवता वाजवता असे किस्से पोत्यानं जमले. माझे मालक इथलेच चपराशी; ते वारले, त्यांच्या जागी मी राबत होते. पण दोन वर्षं झाली तरी माझी नोकरीची ऑर्डर आली नव्हती. एवढं ध्यानात ठेवा.

*

सायन्सच्या सरांनी धडा घेतला: माणूस कसा घडला. माणूस आणि माकड एकाच मुळाचे. दुसऱ्या दिवशी कापसाची बैलबंडी फाटकाशी सोडून यादवराव वर्गात शिरले.

"मास्तर, आमचा बाप माकड होता काय?"

"बाप नाही हो. लांबचं चुलत घराणं."

"चुलत? मंग माह्या लग्नात काऊन नाई आले?"

*

गावाची बैठक झाली. अर्धे म्हणाले शिकवा, परीक्षेत येतं. अर्धे म्हणाले पानं फाडा. हेडमास्तर दोघांनाही "हो" म्हणाले आणि मला आत बोलावलं.

"सरकारी पुस्तक फाडता येत नाई. तू असं कर बाई, तेवढी पानं शिवून टाक."

पोत्याचं दाभण घेऊन मी अख्ख्या वर्गाची पुस्तकं शिवली. बोटं सोलून निघाली.

*

बाकीचे धडे पोरं कधी उघडत नव्हती. हा मात्र पानांची नळी करून, एक डोळा मिटून वाचायची. यादवरावांची पोरगी सुमन तर मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगत बसायची.

*

आदिलाबादहून तपासणीला साहेब आले. मूळ, खोड, पान, काहीही विचारलं तरी वर्ग गप. माणूस कसा घडला म्हटल्यावर सुमननं धडाधड सांगितलं. साहेब खूश. धडा पाहायला पुस्तक उघडलं, तर सुतळी.

"हे कोणी शिवलं?"

मी म्हटलं, "म्या. हेडमास्तरनं सांगतलं."

"मी? बाई, मी काऊन सांगन?"

मी सायन्सच्या सरांकडे पाहिलं. सर फळा पुसत होते. फळा कोराच होता.

*

साहेबांना कागदावर एक नाव हवं होतं. हेडमास्तर मला म्हणाले, "तुहं टाकलं तं तुही ऑर्डर गेली. माहं टाकलं तं माही बदली, मंग तुही शिफारस कोण करन? मेलेल्या माणसाची काही बदली होत नाई."

मालक होते तेव्हाची तारीख टाकून, पुस्तकं कोणी शिवली ते त्यांनी लिहिलं. कागद माझ्यापुढे सरकवला. "मोठ्यानं वाच, आन् साक्षीची सही कर."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. वाचलं.

गणपत.