कादंबरीतला पाऊस
काल शेजारून भाजलेल्या पिठाचा आणि गुळाचा वास आला आणि मला बाहत्तरच्या दुष्काळातली सुकडी आठवली. आई तेव्हा निमोण्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला, खडी फोडायला जायची आणि तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. मी घरी बसून माझी पहिली कादंबरी पुन्हा लिहून काढत होतो. तिच्यातलं गाव मनानं रचलेलं होतं, पण दुष्काळ आमचाच होता, आणि त्यातल्या बायाही आईसारख्याच खडी फोडायला जायच्या. संध्याकाळी हातावरच्या फोडांना तेल चोळत आई मी लिहिलेलं ऐकायची. एकदा वैतागून म्हणाली, "लिवणारा तूच हाय ना? मग पाड की पाऊस!" मी हट्टानं पाऊस लिहिला, ओढे भरून वाहायला लावले आणि तिला वाचून दाखवलं. ती आधी खुलली, मग म्हणाली, "आरं, पावसानं खडीचं काम बंद पडंल. पीक हाती येईस्तवर त्या बायांनी खायाचं काय?" तोंडातली सुकडी तशीच घोळत राहिली. शेवटी ती पानं मी फाडून टाकली. पुस्तक निघून किती वर्षं झाली, आईही राहिली नाही, पण त्यातल्या बाया अजून उन्हात खडी फोडतायत.