बाबांच्या कमरेइतका खोल

मॉडेलमध्ये आमची गल्ली कोरी होती.

अमरावतीच्या ऑफिसात माझं काम एवढंच, की भुयारी गटार खणण्याआधी जमिनीखालचं सगळं संगणकावर थ्रीडीत उभं करायचं. नळाचे पाइप निळे, गटाराचे तपकिरी, आणि दोन पाइप एका जागी आले की तिथे लाल ठिपका, ज्याला ऑफिसात क्लॅश म्हणतात. हा ठिपका पडद्यावर सापडला तर माऊसने सुटतो. खड्ड्यात सापडला तर गटाराचं पाणी नळाला येतं. अकोला जिल्ह्यातल्या माझ्याच गावाची योजना माझ्या वाट्याला आली, मी विहारामागची आमची गल्ली उघडली, आणि तिथे एकही निळी रेघ नव्हती. कागदोपत्री आमच्या गल्लीत नळच नव्हता.

खरं तर बारा घरांना होता. आमच्याकडे बोअर मारलं की खारं पाणी लागतं, त्या पाण्याने चहासुद्धा फाटतो. अर्ज करकरून थकल्यावर बाबांनी आणि शेजाऱ्यांनी एका उन्हाळ्यात स्वतः नाली खणून मोठ्या रस्त्यावरच्या लाइनीला पाइप जोडला. मी लहान होते. नळाला गोडं पाणी आलं म्हणून नाचलेलं तेवढं आठवतं. आता हा पाइप मॉडेलमध्ये दाखवला तर अनधिकृत म्हणून कापतील, नाही दाखवला तर जेसीबी फोडेल. मी मुळात धीराची बाई नाही. दोन दिवस खुर्चीत बसवेना, आणि उठून फेऱ्या मारल्या तरी चैन पडेना. ही गल्ली माझी आहे हे साहेबांना सांगायला जीभ रेटली नाही. शनिवारी एसटी धरली.

आई तूर निवडत होती. ऐकल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुले कोनं सांगतलं दाखवाले? इतकी वर्सं कोनाले दिसला नाई तो पाइप."

"नाही दाखवला तर फुटंन ना, माय. मंग नळातून गटार येईन."

"अन् दाखवला तर कापतीन. मंग खारं पानी पिऊ का आमी?"

दोघींचंही खरं होतं, म्हणून दोघीही ओरडत होतो. मी तर इतकी, की शेजारची काकू दारात येऊन परत गेली. जेवणं झाली. ताटं उचलताना आई भिंतीकडे बघून म्हणाली, "तुह्या बाबाच्या कमरेइतका खोल हाय. वरतं टाकला तर काळ्या मातीच्या भेगेत तुटते म्हने. सारे वैतागले होते त्याच्यावर, पन त्यानं खनाले लावलंच."

मॉडेलला कमर समजत नाही, त्याला आकडा लागतो. आणि बाबांना जाऊन सहा वर्षं झालेली. मग आईनेच पेटी उघडली, शाळेत शिपाई होते तेव्हाची त्यांची खाकी पँट काढून पलंगावर पसरली, आणि मी टेप धरला. कमरेपासून खाली एकोणचाळीस इंच. आईने पँटची पुन्हा घडी घातली, पण पेटीचं झाकण बराच वेळ लावलं नाही. मला रडू आलं, आणि त्याचाही रागच आला.

सोमवारी मी निळी रेघ ओढली. पाइप सव्वातीन फुटांवर, गटार साडेचारवर, लाल ठिपका नाही. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात 'स्थानिक रहिवासी' लिहिलं. साहेब खूश झाले. जोडणी नियमित करायची की तोडायची ते पालिका बघेल म्हणाले. मला मात्र हायसं वाटेना. बोटात कुसळ राहावं तसं काहीतरी सलत होतं. रोज मॉडेल उघडायचे, गल्ली फिरवून फिरवून बघायचे आणि बंद करायचे.

खणायच्या दिवशी साहेबांबरोबर जीपमधून गेले. जेसीबी आमच्या दारासमोरचं सिमेंट फोडत होता. आई दाराच्या पायरीवर बसली होती. ती एकच पायरी बघितली आणि मी मनात जुन्या पायऱ्या मोजल्या.

लहानपणी आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. तिसरीवरून उडी मारायची आमची पैज लागायची. मग गल्लीत मुरूम पडला, खडी पडली, दोनदा सिमेंट झालं, आणि दोन पायऱ्या रस्त्याखाली गेल्या. बाबा कमरेइतके उतरले ते जुन्या मातीच्या गल्लीत. मी मात्र आजच्या रस्त्यापासून मोजलं होतं. दोन पायऱ्या म्हणजे पंधरा इंच. पाइप बरोबर गटाराच्या वाटेत होता.

"थांबवा! हाताने खणा!" मी इतकी ओरडले की ऑपरेटरने इंजिनच बंद केलं.

"मॉडेलमध्ये तर क्लॅश नाही," साहेब म्हणाले.

"मॉडेल चुकलंय. मीच चुकले, सर."

मजूर टिकाव-फावडं घेऊन उतरले. खडी निघाली, मुरूम निघाला, मग काळी माती, आणि गटाराच्या खोलीच्या मापाची दोरी जिथे पोचत होती, नेमका तिथेच करडा पाइप. शाबूत होता.

"कोणी टाकला हा?" साहेबांनी विचारलं.

बाराही घरं दारात उभी होती. मग आई उठली, खड्ड्याच्या काठापर्यंत आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माह्या मालकानं टाकला, साहेब. आता नाई तो. कापाचा असंन तर माह्यं नाव लिवा, या लोकायले काई करू नका." मग माझ्याकडे वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "लिवून घ्या, म्याडम."

माझी नोकरी वाचावी म्हणून ती मला ओळखत नव्हती. मला अंगाखांद्यावर खेळवलेल्या त्या गल्लीनेही तोंड उघडलं नाही.

मी टॅब उघडला. साहेब बघत होते. ऑफिसात मी फार जपून, पुस्तकी बोलते.

"माय," मी विचारलं, "कोन्या साली टाकला होता बाबानं?"