दिवाबत्तीला कोण?

आमच्या घरमालकीण कमलाक्षीबाई माहेरी जायच्या त्या सकाळच्या बसनं, आणि दुपारची जेवणं आटोपली की लगेच परत निघायच्या. त्यांचं माहेर हुणसूर, आमच्या म्हैसूरपासून काही लांब नाही. तरी त्यांची भावजय दर वेळी म्हणायची, एक रात्र तरी राहा. त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "दिवाबत्तीला कोण?"

हे घर जुन्या भावसारांचं. पूर्वी यांच्याकडे लुगडी रंगवायचं आणि छापायचं काम चाले. आता बाईंचे यजमान शामसुंदरराव देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात शाळेचे गणवेश शिवून घेतात. धंदा बदलला, घरातली मराठी अर्धी कानडी झाली, पण हिंगलाजमातेपुढचा दिवा बदलला नाही. सूर्य मावळताना तो लागलाच पाहिजे आणि घरच्या सुनेनंच लावला पाहिजे, असा सासूबाईंचा दंडक होता. सासूबाई गेल्या. दंडक मात्र मागे ठेवून गेल्या.

मी साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आले आणि यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झाले. माझी जीभ माझ्या ताब्यात नसते. मी एकदा सरळच विचारलं, "मग काका कसे सगळीकडे जातात?" काका तिरुपतीला जायचे, काशीला जाऊन आले होते, हुबळीच्या पुतण्याच्या लग्नात तर चांगला आठवडाभर मुक्काम ठोकून आले. कमलाक्षीबाई हसल्या. "ते काय सून आहेत होय?" म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. त्यांना राग आला नाही, म्हणून त्यांच्या वाटचा राग मलाच आला.

शामसुंदररावांना साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा मुलगी रक्षिता आणि जावई प्रणेश यांनी बेंगळूरहून एक भेट पाठवली. कारवारच्या किनाऱ्यावर तीन दिवस शिडाच्या बोटीतून फिरायचं, या बेटावरून त्या बेटावर. रात्री किनाऱ्यावर एका घरगुती मुक्कामाच्या जागी झोपायचं. बोटीत फक्त नवरा-बायको आणि बोट चालवणारा. शामसुंदररावांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि मुलीला विचारलं, "मत्ते, मग दिवाबत्तीला कोण?"

मी म्हटलं, मी लावीन. ते फार अदबीनं म्हणाले, "तुम्ही घरच्यासारख्याच की. पण घरच्या नव्हे." वर भाडं घेताना हा फरक कधी आडवा आला नव्हता. मी पायऱ्या जरा जोरात चढले.

दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. देवीचा टाक, समई, तेलाची बाटली, वाती, सगळं एका स्टीलच्या डब्यात घालून बरोबर न्यायचं. देवी जिथं, तिथं घर. सून तर बरोबर आहेच! एवढं डोकं लढवून त्यांनी बायकोला समुद्रावर नेलं, आणि तिचं देवघरही तिच्या मागोमाग नेलं.

निघायच्या आदल्या दिवशी कमलाक्षीबाई माझी उन्हाची टोपी मागायला वर आल्या. टोपी घालून आरशात बघितलं, स्वतःलाच हसल्या आणि मग ओट्याला टेकून म्हणाल्या, "मला बाकी काय बेडा हो, काही नको. सूर्य समुद्रात बुडतो म्हणतात, तेवढं एकदा बघायचंय. तिन्हीसांजेला मी देवाकडे तोंड करून बसलेली असते. आजवर तो माझ्या पाठीमागेच बुडाला. लहानपणी हुणसूरला बघितला असेल, पण आता आठवत नाही."

यापुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं बहुतेक जुळतं.

बोट लहान होती, शीड पांढरं. ती चालवणारा शिवप्रसाद कारवारचाच, कमी बोलणारा माणूस. पहिला तासभर कमलाक्षीबाई काठ घट्ट धरून बसल्या. मग वारा भरला, शीड ताणलं गेलं, बोट एका अंगावर कलून सरसर निघाली, आणि बाईंनी काठ सोडून टोपी धरली. शामसुंदरराव डबा मांडीवर घेऊन बसले होते. ऊन लख्ख होतं, पाणी हिरवं होतं, आणि बरोबर नेलेलं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, असं संपलं की शिवप्रसादला तिसऱ्यांदा वाढायला उरलं नाही.

सूर्यास्त बोटीतूनच बघायचा असतो, त्यासाठीच लोक येतात, असं शिवप्रसाद म्हणाला. बाईंनी विचारलं, मग दिवा बोटीत लावला तर चालेल का? तो म्हणाला, बोटीत पेट्रोलचा डबा आहे, काडीसुद्धा ओढायची नाही. झालं. शामसुंदररावांनी दिवेलागणीच्या आधी एका बेटावर बोट लावायला सांगितली. वाळूवर पश्चिमेचा वारा सुटलेला. ज्योत टिकेना. शेवटी एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, अर्थात पूर्वेच्या बाजूला, समई पेटली. बाईंनी नमस्कार केला, खडकाला वळसा घालून धावत आल्या, तर समोर नुसतं लाल पाणी. सूर्य गेलेला होता.

"उद्या बघू," शामसुंदरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसत्या खडकांचं, पक्ष्यांनी पांढरं केलेलं एक बेट पाहिलं. दुसऱ्या एका बेटावर चढून जुनं देऊळ पाहिलं, तिथल्या पायरीवर बसून दोघांनी चकल्या खाल्ल्या. शामसुंदररावांनी पँट दुमडून पाण्यात पाय घातले, आणि बाईंनी त्यांना इतकं हसताना खूप वर्षांत बघितलं नव्हतं. तरी ऊन कलायला लागलं तसे ते घड्याळ बघायला लागले. वाऱ्याची कटकट नको म्हणून त्या दिवशी लवकरच मुक्कामाला परतले. तिथल्या खोलीत दिवा छान लागला. खिडकी माडांच्या बागेकडे होती.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, परतताना वारा पडला. शीड सैल होऊन लोंबायला लागलं. किनारा दिसत होता, माड मोजता आले असते इतका जवळ, पण बोट जागची हलेना. समुद्र तेलासारखा सपाट झाला होता. सूर्य पाण्याच्या वर हातभर उरला होता.

शामसुंदररावांनी घड्याळ बघितलं. "शिवप्रसाद, इंजिन चालू करा. स्वल्प बेग, जरा लवकर."

शिवप्रसाद उठला. दोरी ओढली की इंजिन सुरू होणार होतं, आणि दिवा वेळेवर लागणार होता.

"इंजिन बेडा," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

शिवप्रसादचा हात दोरीवरच राहिला. त्यानं शामसुंदररावांकडे बघितलं.

"अगं, दिवा?" ते म्हणाले.

"दिवा नंतर लागेल."

"आईनं सांगितलेलं..."

"तुमच्या आईचं मी ऐकलं हो," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "अंगात ताप असताना ऐकलं. माझा बाप गेला तेव्हा दुपारी त्याला बघून संध्याकाळी परत आले. आज मी इथं बसणार. देवी तुमच्या मांडीवरच आहे की, तिला पण दाखवा."

शिवप्रसादनं दोरी सोडली आणि तो बोटीच्या पुढच्या टोकाला, त्यांच्याकडे पाठ करून जाऊन बसला. मला हा माणूस न बघताच आवडला.

सूर्य मोठा झाला, तांबडा झाला, खालून थोडा चपटला. पाण्याला टेकला. बाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि जणू कोणी मोठं माणूस निघालंय अशा अदबीनं सावरून बसल्या. अर्धा बुडाला. मग नखाएवढा उरला, मग तोही नाही. त्यानंतरही किती वेळ रंग बदलत राहिले, केशरी, गुलाबी, मग आतून जांभळे. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

शामसुंदरराव हे मला सांगत होते तेव्हा आम्ही खालच्या व्हरांड्यात उभे होतो. घडाघडा बोलणारा माणूस, पण इथं अडखळला.

"मग तिनं मला विचारलं," ते म्हणाले. "लहान पोरीसारखं विचारलं. 'रोज असाच जातो काय हो?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी रोज दुकान कटिंगवाल्याच्या हाती सोपवून संध्याकाळी कुक्करहळ्ळी तलावावर फिरायला जातो. पश्चिमेकडे तोंड केलेल्या बाकावर आमची मंडळी बसतात. रोज बघतो मी. पाण्यात सगळं लाल उतरतं, बगळे परततात. आम्ही 'आज काय रंग आलेत' म्हणून बोलतो सुद्धा. मत्ते घरी येतो आणि दारातूनच विचारतो, दिवा लावलास काय?" त्यांनी चष्मा काढला. "एवढ्या वर्षांत एकदा तिला येऊन सांगितलं नाही हो, की आज आकाश असं होतं. नुसतं सांगायला काय जात होतं माझं?"

माझ्याकडे टोमणा तयार होता. तो मी गिळला.

"तिला मी 'होय' म्हटलं," ते म्हणाले. "'होय, रोज असाच जातो,' म्हटलं. तर ती म्हणाली, 'तुम्ही बघितलात ते बरं झालं. दोघांतल्या एकानं तरी बघितला.'"