फॅन बंद करा, भाऊ

"फॅन बंद करा, भाऊ!"

मावशींनी ब्रश हातात घेतला, की पहिलं वाक्य हेच. शेवगावचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक असेल. त्यात माझ्या बेकरीची मागची खोली, शेजारी भट्टी. तिथं फॅन बंद करायला सांगणारं माणूस एकतर वेडं असावं, नाहीतर फार मोठं. मावशी दुसऱ्यातल्या, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

साखरेच्या लगद्याची फुलं करायची, वाळवायची आणि केकवर ठेवण्याआधी त्यांना खाण्याची चकाकी पावडर लावायची, हे त्यांचं काम. ही पावडर इतकी हलकी, की कुणी जोरात हसलं तरी उडते. एकदा मी शिंकलो. अर्धा दिवस माझ्या मिशा सोनेरी होत्या आणि पाव न्यायला आलेलं गिऱ्हाईक पावाऐवजी मलाच बघत होतं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "देवदूतावानी दिसताय. पन आता भाईर जावा."

ब्रश पावडरीत बुडवून त्या हातावर टेकवायच्या आणि जवळजवळ सगळी झाडून टाकायच्या. मला ते नासधूस वाटायचं. "मावशी, लावा की थोडी जास्त. लोकांना झगमग आवडते."

"शिंगाला बेगड लावत्यात, भाऊ. सगळ्या बैलाला न्हाई."

त्यांचे वडील पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं सजवायचे. ही नजर तिथली. फूल खिडकीशी धरायचं, ऊन पाकळीच्या कुठल्या कडेवर पडतंय ते बघायचं आणि तेवढ्याच जागी ब्रश फिरवायचा. मग ते साखरेचं फूल नुकतंच उमलल्यासारखं दिसायचं. माझं आयुष्य मैद्या-साखरेत गेलंय, तरी दर वेळी मला ते हुंगून बघावंसं वाटायचं.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. चर्चमधलं लग्न, म्हणजे केक आलाच. "आमच्या लग्नात चहा आन् खारी हुती," मावशी म्हणाल्या. "पोरीला मात्र म्या फुलं देनार." आणि त्यांनी पांढरी शेवंती करायला घेतली. एकेक पाकळी चिमटीनं वळवली, तारेच्या देठावर बसवली.

लग्नाच्या सकाळी केक न्यायला नवरीचा मामा बेकरीत आला. टेम्पोला उशीर होता. उन्हानं फुलं वितळतील या काळजीनं त्यानं ती सगळी माझ्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढताच फुलांना घाम फुटला. पाकळ्या चिकट झाल्या, चकाकीचे चट्टे पडले. मामा रडकुंडीला आला. निरोप ऐकून मावशी आल्या, मागोमाग पांढऱ्या साडीतली नवरी.

"आई, ऱ्हाऊ दे. साधा केक चालंल मला."

मी घाईनं ब्रश पुढं केला. मावशींनी तो घेतला नाही.

"फॅन लावा, भाऊ."

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"वल्या फुलाला हात लावायचा न्हाई," एवढं बोलून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. चर्चची पहिली घंटा झाली. मामा येरझाऱ्या घालत होता, नवरी रडत होती. मावशी जागच्या हलल्या नाहीत. खरं सांगतो, मला त्या बाईची भीतीच वाटली. एवढा धीर मी कुणात पाहिला नव्हता.

पाकळ्या सुकल्या. त्यांनी उठून एका पाकळीला बोट लावून बघितलं, त्याच बोटानं स्वतः फॅन बंद केला आणि चट्ट्यांवर चकाकीचा एक फिकट थर चढवला. फुलं होती त्याहून देखणी झाली. केक कापल्यावर नवरीनं त्यातली एक शेवंती तिच्या तारेसकट काढून आईच्या अंबाड्यात खोवली. मावशींचे डोळे वाहायला लागले, तरी म्हणतात कशा, "काढ ते आधी. पानी लागंल त्याला."

गेल्या पावसाळ्यात मावशी वारल्या.

परवा मागच्या खोलीला रंग द्यायला माणूस आला. फॅनच्या बटणावर मावशींच्या बोटाचा सोनेरी ठसा आहे. तो पुसायला त्यानं फडकं उचललं, तसा मी ओरडलोच. आता ते बटण मी कोपरानं दाबतो.