औषधाच्या खिडकीमागची नाजिमा

सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसलेल्या बाईला तुम्ही कधी नाव तरी विचारलंय का?

कसब्यातल्या दवाखान्यात ती नाजिमा आहे, बारा वर्षं फार्मासिस्ट. परवा द्वारकाबाई खिडकीचा कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. "चक्कर येते गं. डॉक्टर म्हणाले, वय झालं."

"मावशी, आणखी कुठल्या गोळ्या घेता?"

द्वारकाबाईंनी हळूच पिशवीतून एक पट्टी काढली. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरची आहे. आत सांगू नकोस, रागावतात."

ही पट्टी आणि दवाखान्यातली, दोन्हींवर नावं वेगळी, पण औषध एकच, रक्तदाबाचं. बाई इमानेइतबारे दोन्ही गिळत होत्या.

नाजिमा रांग सोडून दोन्ही पट्ट्या दाखवायला आत डॉक्टरांकडे गेली.

"मॅडम, औषध देणं तुमचं काम, ठरवणं आमचं."

"मग दाब मोजूनच ठरवा की!"

वरचा दाब जेमतेम नव्वद भरला. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. बाहेर रांग खेकसत होती, "अहो, झोपलात का?"

नाजिमा परत खिडकीत बसली आणि तिच्या मनात आलं: आजवर अशा किती जणींना आपण न विचारताच गोळ्या दिल्या?

गोळ्या लिहितानाच हे विचारता यावं म्हणून डॉक्टरांशेजारी फार्मासिस्टला खुर्ची मिळावी, असा अर्ज दवाखान्याच्या दारात ठेवलाय. त्यावर सही करूनच पुढे जा.