चार नंबरच्या खोलीचं कुलूप

मागच्या श्रावणातला शनिवार. सकाळची शाळा सुटली होती आणि मी माझी पिठाची गिरणी बंद करून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेमागे उभी होते... खरं सांगायचं तर लपून. मुख्याध्यापकांवर पाळत ठेवायला गेले होते.

आमचं गाव किल्लारीजवळचं, भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आता माझी मुलगी पाचवीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. म्हणजे पालकांनी निवडून दिलेली... शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायला.

जूनपासून चार नंबरची खोली कुलूपबंद होती. चौथी-पाचवी एकत्र व्हरांड्यात बसायची. मुख्याध्यापक कांबळे सरांना विचारलं की म्हणायचे, "ताई, सध्या राहू द्या." सर नवीनच होते, रेणापूरकडून बदलून आलेले. फारसं बोलायचे नाहीत.

न बोलणाऱ्या माणसाबद्दल गाव बोलतं. कुणी म्हणे, शाळेला आलेले कॉम्प्युटर आत दडवलेत. कुणी म्हणे, लातूरच्या क्लासवाल्याला खोली दिलीय. माझे मिस्टर किल्लारी-लातूर जीप चालवतात, त्यांच्या निम्म्या सीटा हल्ली क्लासच्या पोरांनीच भरतात. ते म्हणाले, "क्लासवाले आता शाळेत बी घुसायलेत. बघच तू."

मला लगेच पटलं. गिरणीवर दळणाला येणाऱ्या बायकांनाही मी सांगत सुटले... त्यात मुलगी एक दिवस म्हणाली, सर दर शनिवारी शाळा सुटल्यावर एकटेच त्या खोलीत जातात, आणि जरा वेळाने वही घेऊन बाहेर येतात. झालं. आता पुरावाच हवा होता.

तर त्या शनिवारी सरांनी कुलूप काढलं, आणि मी सरळ त्यांच्या मागोमाग आत शिरले.

खोली रिकामी होती. एक बाकसुद्धा नाही. मागच्या भिंतीत मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून वर छतापर्यंत तडा गेलेला. त्यावर तीन ठिकाणी काचेच्या आडव्या पट्ट्या सिमेंटने चिकटवलेल्या, शेजारी पेन्सिलने तारखा. तीनपैकी दोन काचा मधोमध फुटलेल्या होत्या.

"भिंत सरकली की आधी काच फुटते," सर वहीत टिपत म्हणाले. "दुसरी या आठवड्यात फुटलीय."

आमच्या गावात भिंतीचा तडा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळणार नाही... मी विचारलं, मग हे वर कळवलं का नाही? सर ऑफिसमध्ये गेले आणि फाईल घेऊन आले.

दुरुस्तीसाठी त्यांनी तीन पत्रं लिहिली होती. उत्तर एकच आलेलं. शाळेच्या सर्व खोल्या सुरक्षित व वापरात असल्याचा समितीचा दाखला कार्यालयात आहे, त्यामुळे निधीच्या यादीत शाळेचं नाव घेता येत नाही. सोबत त्या दाखल्याची झेरॉक्स. खाली सही... माझी.

आठवलं. आधीचे सर बदलून जायच्या आठवड्यात गिरणीवर कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते. दळणाची रांग लागलेली. "फक्त सह्या करायच्या आहेत, ताई." मी न वाचता केल्या होत्या.

"मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

सर म्हणाले, "तुमचं नाव गावासमोर आलं असतं. आणि भिंतीचं कळलं की लोक पोरांचे दाखले काढतील. पट घसरला तर दोनातला एक शिक्षक जातोय. मग ज्यांना लातूर परवडत न्हाई त्यांनी कुठं जायचं?"

राग सरांचाही आला. असली गोष्ट पालकांपासून लपवायची नसते... पण त्यांच्यावर रागवायला मी कोण होते?

सोमवारी पालकांची सभा बोलावली. मी उभी राहून सांगितलं, की सही माझी आहे आणि खोली न बघता केली आहे. दुरुस्तीसाठी वर पाठवायच्या नव्या पत्रातही तेच लिहिलंय. मग मागून एक जण म्हणाला, "उद्याच दाखला काढतो मी." दोघांनी माना डोलावल्या.

तेव्हा कौसरचाची उठल्या. त्या शिलाईकाम करतात, त्यांची नात माझ्या मुलीच्या वर्गात आहे. भूकंपात त्यांचे दोन भाऊ गेले. म्हणाल्या, "त्या टायमाला आमाला सांगायला कोणी न्हवतं. आता सांगणारे हायत, तर पळून काय जायचं? माझी पोरगी हितंच शिकंल. भिंतीचं बघा आधी."

त्या आठवड्यात तीन मुलं गेली. बाकीची राहिली. महिन्याभराने इंजिनिअर आले. पायाखाली पाणी मुरून काळी माती खचलीय, खोली धोकादायक आहे, असं त्यांनी लिहून दिलं. दिवाळीच्या सुट्टीत ती पाडली. नवी अजून मंजूर व्हायचीय... चौथी-पाचवी सध्या समाजमंदिरात भरते. दोन्ही शिक्षक आहेत.

संशय घेणं मी सोडलेलं नाही. समितीचं ते कामच आहे. आता कुठलाही कागद आला की वाचते, खोली बघते, दळणाची रांग थांबली तरी चालेल.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. ती झेरॉक्स सरांकडे जुलैपासून होती. मी गिरणीवर बसून त्यांना चोर ठरवत होते, ते त्यांच्या कानावरही गेलं असणार... तरी त्यांनी ती कुणाला दाखवली नाही.