एकोणिसावा वाटा

"आपण शाकाहारी माणूस, आपल्याला यातलं काय कळतंय?" असं म्हणत आमचे वनपाल साहेब मेलेल्या रानडुकराभोवती एक फेरी मारायचे आणि त्याचं वजन सांगून टाकायचे. काट्यावर घातलं तर किलोभराचा फरक पडायचा, तोही काट्याचा. गळ्यात तुळशीची माळ, खिशात मोजपट्टी आणि डब्यात बारा महिने वाल नाहीतर मेथी. तुमच्याही कचेरीत असा एक असेल, ज्याच्या प्रामाणिकपणाचा सगळ्यांना अभिमान असतो आणि ज्याच्याबरोबर दौऱ्यावर जायला कोणी तयार नसतं. मी जायचो, कारण मी लिपिक. पंचनामा लिहायला कोणीतरी लागतंच.

बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला, भाताची नासधूस करणारं रानडुक्कर परवानगी काढून मारता येतं. मेल्यावर मात्र ते सरकारचं होतं. मग खड्डा खणायचा, जनावर आत ढकलायचं, त्यावर फिनेलचा कॅन रिकामा करायचा, फोटो काढायचा, माती लोटायची. हे सगळं पाड्यावरच्या माणसांच्या देखत, ज्यांच्या घरी भाताबरोबर कालवण म्हणून बहुतेक वेळा मिरचीच असते. एकदा तिथल्या एका म्हातारीनं विचारलं, "सायेब, हा औषद कुनाला? तो त मेलाय ना?"

साहेबांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली. मला उत्तर माहीत होतं, नियमाच्या क्रमांकासकट, पण ते मी फक्त पंचनाम्यात लिहिलं. परतताना माझ्या स्कूटरवर मागे बसून ते एवढंच म्हणाले, "चांगलं अन्न आहे हो ते. आपण खात नाही म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर पत्र पाठवलं : असं मांस पुरण्याऐवजी पाड्यावरच्या गरजूंना द्यावं. वरून "बाब विचाराधीन आहे" असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. सरकारात चिकाटीचा माणूस असला की सगळ्यांना फार त्रास होतो. शेवटी त्यांच्या पत्रांना कंटाळून वरिष्ठांनी एका वेळेपुरती परवानगी दिली, प्रायोगिक तत्त्वावर. अटी मात्र अशा घातल्या की कोणाही शहाण्या माणसानं नाद सोडला असता. पशुवैद्यकाचा दाखला हवा. मांस बर्फाच्या गाडीतूनच न्यायला हवं. आणि वाटा घेतलेल्या प्रत्येक व्यक्तीचं नाव यादीत हवं, एकही न वगळता.

गाडीसाठी आम्ही उल्हासनगरात एका पनीरवाल्या सिंधी व्यापाऱ्याकडे गेलो. काय न्यायचंय ते कळल्यावर त्यानं कानाला हात लावले. "साब, पनीर की गाडी में सुअर?" साहेबांनी त्याला म्हातारीचा प्रश्न सांगितला. त्यानं फडक्यानं काउंटर पुसला. मग म्हणाला, "सोमवार को गाडी धुलती है. धुलने से पहले ले जाओ."

तो सोमवार मी विसरणार नाही. आदल्या रात्री मारलेल्या डुकराला पशुवैद्यकाचा दाखला मिळाला आणि पनीरच्या गाडीतून मांस पाड्यावर आलं. पाड्यावर पळसाची पानं मांडून वाटे घातले गेले. घरं अठरा. यादीसाठी साहेबांनी विचारलं, "यातले गरजू कोण?" म्हातारी हसली. "शिकारीत गरजू नसतो रे. घरटी एक वाटा. आन तवा जो समोर उभा आसल, त्याला एक." समोर साहेब उभे होते. मी स्कूटरशी होतो, म्हणून वाचलो. तिनं एकोणिसावं पान त्यांच्या हातावर ठेवलं.

गळ्यात माळ, हातावर मांस. नाही म्हटलं असतं तर म्हातारीचा अपमान झाला असता. त्यांनी पान दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि शेजारच्या बाळंतिणीच्या घरात देऊन आले. मग बाजूला बसून आपला वालाचा डबा खाल्ला. चुलींचा वास सुटला होता. आयुष्यात मी इतकं आनंदी सरकारी काम पाहिलेलं नाही.

यादी मी टाइप केली. एकोणिसावं नाव त्यांचं होतं.

"साहेब, हे कशाला?"

"वाटा घेतला ना मी? घेतला तर लिहायला नको?"

मला हसू आलं. ते नाव मी गाळू शकलो असतो, एका कळीचं काम होतं. गंमत म्हणून राहू दिलं. त्या गमतीची मला आज लाज वाटते.

महिन्याभरात चौकशी लागली. वन्यप्राण्याच्या मांसाचा लाभार्थी खुद्द वनपाल! चौकशी अधिकारी कडक इस्त्रीचे होते. "मांस खाल्लंत?" नाही. "मग घेतलंत का?" घेतलं. "कुठे गेलं?" दिलं. "म्हणजे विनापरवाना वाटप." साहेब म्हणाले, "हो, तसं म्हणता येईल." स्वतःच्या विरुद्ध इतकी मदत करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तरी आशा होती, साहेबांची उत्तरं अजून कागदावर उतरली नव्हती. यादीतलं नाव ही नजरचूक आहे असं म्हणून प्रकरण मिटवायला अधिकारीही तयार होते. घरी जायची त्यांनाही घाई होती. तेवढ्यात म्हातारी आली. पाड्यावरून चालत, मग टमटमनं, कोणी न बोलावता. "सायबाचा कायेक दोस नाय," ती म्हणाली. "त्यानं मागला नाय. म्या माज्या हातानं दिला. लिवा तसा."

मी लिहिलं. तिनं अंगठा उठवला आणि ताठ मानेनं निघून गेली.

अहवालात तेच वाक्य आलं : वाटा प्रत्यक्ष स्वीकारल्याचं महिलेच्या जबानीवरून सिद्ध होतं. प्रयोग बंद झाला. साहेबांची बदली विदर्भातल्या एका रोपवाटिकेत झाली, निवृत्तीला दोन वर्षं असताना. जायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आता यादीबद्दल बोलतील.

"आजीला कळू देऊ नका हं," ते म्हणाले. "एवढी लांबून आली होती."

आता खड्डे पुन्हा खणले जातात आणि फिनेलचे कॅन वेळेवर येतात. मी पंचनामा लिहीत असलो की म्हातारी शेजारी येऊन बसते आणि दर वेळी तेच विचारते.

"माज्या अंगठ्यानं सुटला ना रे तो सायेब?"

"सुटले, आजी," मी म्हणतो. "तुमच्यामुळेच."